सेटुक्सिमॅब लावलेली डोसेटॅक्सेलची नॅनोपार्टिकल्स: बेळगावच्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

पीएलजीए या शरीरात विरघळून जाणाऱ्या पॉलिमरच्या पार्टिकलमध्ये (अतिसूक्ष्म कणांमध्ये) डोसेटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध भरायचं, वरून सेटुक्सिमॅब ही ईजीएफआरला (सेलच्या पृष्ठभागावरच्या, वाढीचा इशारा घेणाऱ्या रिसेप्टरला) धरणारी अँटीबॉडी जोडायची, आणि ईजीएफआर भरपूर असलेल्या कॅन्सरच्या सेलमध्ये ही पार्टिकल्स साध्या पार्टिकलपेक्षा जास्त शिरतात का ते बघायचं. काम एवढंच आहे. उंदीर नाहीत, पेशंट तर नाहीतच. सगळं काचेत आणि प्लॅस्टिकमध्ये. आमच्यासारख्या फार्मसी कॉलेजात कमी सामानात असलं काही करायला घेतलेल्यांसाठी या नोंदी. पेपरातल्या 'मेथड्स'मध्ये ज्या गोष्टी एका ओळीत उरकतात तिथंच आमचे आठवडे गेले, त्यामुळे लिहिण्याचा भरही तिथंच आहे.

३ फेब्रुवारी

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. मी निपाणीची. तंबाखू, विडी आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं आमच्याकडं पुस्तकातून शिकावं लागत नाही. डोक्यामानेच्या बहुतेक स्क्वेमस (त्वचेसारख्या चपट्या सेलच्या अस्तरातून होणाऱ्या) कॅन्सरमध्ये ईजीएफआर वाढलेला असतो, आणि सेटुक्सिमॅब २००६ पासून अमेरिकेत या कॅन्सरसाठी मंजूर आहे. बेंगळुरूच्या बायोकॉननं त्याच वर्षी भारतात आणलेली निमोटुझुमॅब ही तशीच अँटीबॉडीही चालली असती, पण तिची पकड सेटुक्सिमॅबपेक्षा सैल. पहिल्याच कामात सिग्नल बारीक यायला नको म्हणून ती बाजूला ठेवली.

सेल कुठले घ्यायचे यावर मात्र सिनॉप्सिस बदलावा लागला. आधी केबी सेल लिहिले होते, कारण जुन्या पेपरांत केबी म्हणजे तोंडाचा कॅन्सर असं सर्रास धरलेलं असतं. प्रत्यक्षात केबी म्हणजे हेलाच, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे. डीएनए तपासणीत हे कधीच सिद्ध झालंय, तरी पेपर अजून येतातच. त्याऐवजी ए४३१ घेतले. तेही तोंडाचे नव्हेत, पण स्क्वेमस आहेत आणि एकेका सेलवर दहा लाखांहून जास्त ईजीएफआर असतो. उलट बाजूला एमसीएफ-७ हे स्तनाच्या कॅन्सरचे सेल, ज्यांच्यावर तो फारच कमी. तोंडाचं नाव मिरवण्यापेक्षा रिसेप्टर नक्की असणं महत्त्वाचं, असं सरांना पटवायला थोडा वेळ गेला.

१२ फेब्रुवारी

पार्टिकल करायची पद्धत सोपी: पॉलिमर आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवून ढवळत्या पाण्यात थेंबाथेंबानं सोडायचं. थेंब हातानं सोडले की प्रत्येक बॅचचा साइज वेगळा. सिरिंज पंप विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून उद्यमबागेतल्या एका टर्नरकडं गेलो. हायड्रॉलिकचे पार्ट करणारा माणूस. "टॉलरन्स किती पाहिजे मॅडम?" मिनिटाला एक मिलि पडायला पाहिजे, एवढंच आम्हाला सांगता आलं. "ते तुमचं तुम्ही बघा. मला सिरिंज द्या आणि मोटर द्या." त्यानं व्हर्नियर लावून सिरिंजचा आतला व्यास घेतला, स्क्रूचं पिच ठरवलं, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सगळं बसवून दिलं. स्टेपर मोटर आणि बोर्ड आम्ही ऑनलाइन मागवलं. विकतच्या पंपाच्या मानानं खर्च किरकोळ, आणि अजून चालतोय.

चालायच्या आधी मात्र अडकला. मोटर गुरगुरतेय आणि दट्ट्या जागचा हलत नाही. सगळी दुपार मोटर, बोर्ड, वायरिंग बघण्यात गेली. दोष सिरिंजचा निघाला: ॲसिटोननं डिस्पोझेबल सिरिंजचं काळं रबर फुगून नळीत घट्ट बसलं होतं. रबरातून काहीबाही ॲसिटोनमध्ये उतरत असणार ते वेगळंच. काचेची सिरिंज घ्या, पहिल्यापासून.

२४ फेब्रुवारी

चालू बॅच: पीएलजीए ५० मिग्रॅ, डोसेटॅक्सेल ५ मिग्रॅ, ॲसिटोन ५ मिलि, खाली १ टक्का पीव्हीएचं (कण एकमेकांना चिकटू न देणाऱ्या पॉलिमरचं) २० मिलि पाणी. सुईचं टोक पाण्याखाली. रात्रभर उघडं ढवळत ठेवून ॲसिटोन उडवायचं. पीएलजीए घेताना टोकाला कार्बॉक्सिल असलेलंच मागवा. एस्टर टोकाचंही त्याच नावानं आणि थोडं स्वस्त मिळतं. ते घेतलं तर पुढं अँटीबॉडी जोडायला जागाच राहत नाही.

साइजचं मशीन आमच्याकडं नाही. दुसऱ्या कॉलेजात सॅम्पलमागं पैसे भरून मोजून आणतो. पहिल्या खेपेला ४०० नॅनोमीटरच्या वर आकडे आले आणि तोंडं पडली. सेंट्रिफ्यूजनंतर पेलेट (तळाशी बसलेला गोळा) नीट मोकळा झाला नव्हता. बाथ सोनिकेटरमध्ये बर्फ घालून थोडा वेळ धरल्यावर तीच बॅच १८० च्या आसपास आली. दुसऱ्यांसाठी वेग लिहिताना आरपीएम लिहू नका, 'जी' लिहा. आम्ही एका पेपरातला आरपीएम आमच्या रोटरला लावला तर पेलेट बसेचना. त्यांचा रोटर मोठा होता.

झीटा (पार्टिकलच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार दाखवणारा आकडा) उणे ६. कार्बॉक्सिलच्या पार्टिकलला हा आकडा फारच कमी आहे. तेव्हा त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. पुढं तो आकडा आठवावा लागला.

७ मार्च

पुण्याच्या एनसीसीएसमधून दोन्ही सेल आणले. ही केंद्र सरकारची सेलची पेढी, पुणे विद्यापीठाच्या आवारात. सेल बर्फात आणायचे नसतात. फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियानं (सेल वाढवायच्या द्रवानं) भरून, झाकण पॅराफिल्मनं बंद करून देतात, म्हणजे आत हवा राहत नाही आणि मीडिया हिंदकळून सेल सुटत नाहीत. एसी बसमध्ये झोत थेट अंगावर होता, म्हणून पिशवी शालीत गुंडाळून मांडीवर घेतली. शेजारच्या मावशींनी कागलपर्यंत दम धरला, मग विचारलंच, "देव आहे काय गं त्यात?"

पावसाळ्याआधी आणले हे बरं झालं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा पुणे-बेळगाव वाहतूक दिवसेंदिवस बंद होती. जुलैत सेल किंवा अँटीबॉडी मागवायचा बेत असेल तर कॅलेंडर बघून मागवा.

१५ मार्च

अँटीबॉडी. नवीन व्हायल आमच्या खिशाबाहेरची. पण आठवड्याचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला २५० मिग्रॅ असतो. दीड चौरस मीटरच्या पेशंटला ३७५ मिग्रॅ लागतं. १०० मिग्रॅच्या चार व्हायल फोडल्या की २५ मिग्रॅ, म्हणजे ५ मिलि उरतं. ते टाकून देतात. आम्हाला एका वेळी अर्धा-एक मिग्रॅ पुरतं.

एथिक्स कमिटीचा कागद आधीच झाला होता, तरी सहीसाठी मी स्वतः गेले, कारण व्हायल घरच्यांनी पैसे भरून आणलेली. खानापूरकडचा पोरगा होता, वडिलांबरोबर आलेला. फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही पुढं ठेवले. त्यानं एकही वाचला नाही.

"हे दुसऱ्या कुणाला चढवणार काय?"

"नाही. बाटलीतल्या सेलवर टाकणार."

"मग बाबांना त्याचा काय उपेग?"

"काही नाही."

"टाकूनच देतात म्हणे तसंबी. घ्या की." आणि सही केली.

लॅबमध्ये आणून लगेच लहान ट्यूबमध्ये वाटून ठेवलं, २ ते ८ डिग्रीत. डीप फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठून वितळताना अँटीबॉडीचे गठ्ठे होतात.

२७ मार्च

पहिली जोडणी. पार्टिकल एमईएस बफरमध्ये, पीएच ५.५ ला, ईडीसी आणि एनएचएस (कार्बॉक्सिलला अमाइनशी जोडायला लावणारी रसायनं) घालून अर्धा तास, मग धुऊन पीबीएस या मिठाच्या बफरमध्ये, पीएच ७.४ ला, अँटीबॉडीबरोबर दोन तास. मधलं धुणं टाळू नका. अँटीबॉडीवर अमाइनही असतात आणि कार्बॉक्सिलही, त्यामुळे ईडीसी शिल्लक राहिलं तर अँटीबॉडी एकमेकींनाच जोडल्या जातात आणि ट्यूबमध्ये दही दिसतं.

वरच्या पाण्यात उरलेली अँटीबॉडी बीसीए या प्रोटीन मोजायच्या चाचणीनं मोजून वजाबाकी केली. घातलेल्यापैकी निम्म्याहून जास्त पार्टिकलला लागली असा हिशोब आला. सरांनी कुंदा (बेळगावची मिठाई) मागवला. फार लवकर मागवला.

२ एप्रिल

आमचा ज्युनियर बैलहोंगलचा आहे, बोलतो कमी. कुंदा खाताना त्यानं विचारलं, "मॅडम, ईडीसी न घालता एक ट्यूब केली काय?"

केली नव्हती. आज केली. सगळं तेच, फक्त ईडीसी आणि एनएचएस नाही. त्या ट्यूबमध्येही जवळपास तेवढीच अँटीबॉडी 'लागली'. म्हणजे आमची अँटीबॉडी जोडलेली नव्हतीच, पार्टिकलवर नुसती बसली होती. प्रोटीन प्लॅस्टिकवर बसतं तसंच पीएलजीएवरही बसतं. अशी बसलेली अँटीबॉडी रक्तात किंवा सीरममध्ये गेली की दुसरी प्रोटीन तिला हुसकावून तिथं बसणार.

०.१ टक्का ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) घातलेल्या पीबीएसनं दोन्ही ट्यूब धुतल्या. दोन्हीतून अँटीबॉडी सुटली. ईडीसीच्या ट्यूबमध्ये उरली ती नावापुरती.

ईडीसीविना ट्यूब आणि ट्वीनचं धुणं, या दोन गोष्टी दाखवल्याशिवाय जोडणीचा कुठलाही आकडा मी आता मानत नाही. छापून आलेल्या पेपरांतही आधी तेच शोधते, आणि पुष्कळदा सापडत नाही.

१० एप्रिल

कारण क्रमांक एक सापडलं, आणि ते औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेलं होतं. त्या व्हायलमध्ये अँटीबॉडीशिवाय मीठ, सायट्रिक ॲसिड, पॉलिसॉर्बेट ८० आणि ग्लायसिन असतं. ग्लायसिनला अमाइन आहे. जोडणी संपली की उरलेल्या जागा बंद करायला आम्ही शेवटी मुद्दाम ग्लायसिनच घालतो! अभिक्रिया थांबवायचं औषध पहिल्यापासून व्हायलमध्येच होतं.

प्रमाण किती विषम आहे बघा. अँटीबॉडीचं रेणूभार सुमारे १,५०,०००, ग्लायसिनचं ७५. दोन्ही सारख्या वजनानं असले तरी एका अँटीबॉडीमागं ग्लायसिनचे २,००० रेणू, तेही बारीक आणि चपळ. पार्टिकलवरच्या जागा त्यांनीच अडवल्या. वर बीसीएच्या आकड्यातही ग्लायसिन लुडबुड करतं, म्हणून स्टँडर्डची रेघ त्याच बफरमध्ये काढावी लागते.

उपाय: ३० केडीएचा (रेणूभार ३०,००० च्या वरचं अडवणारा) सेंट्रिफ्यूज फिल्टर. अँटीबॉडी वर राहते, ग्लायसिन खाली जातं. पीबीएस भरून फिरवायचं, पुन्हा भरायचं, असं तीन-चारदा. पॉलिसॉर्बेटचे मायसेल (रेणूंचे पुंजके) मोठे, ते यातून पूर्ण जात नाहीत. जोडणीला त्याचा त्रास दिसला नाही, तरी नोंद असावी. दुसरी अँटीबॉडी घेणाऱ्यांनीही आधी खोक्यातला कागद वाचावा. ट्रास्टुझुमॅबच्या व्हायलमध्ये हिस्टिडिन असतं, त्यालाही अमाइन आहे. आणि त्याच कारणानं ट्रिस बफर या कामात नकोच.

१९ एप्रिल

वळीव. संध्याकाळी गारा पडल्या, लाईट गेली ती रात्री उशिरा आली. ढवळत असलेली बॅच स्टररवर तशीच थांबली, तळाला पांढरी साय. फेकून दिली. इन्व्हर्टरवर आता फक्त फ्रिज आणि इनक्युबेटर आहेत. बॅच यापुढं सकाळी लावायची.

३० एप्रिल

ग्लायसिन काढल्यावर ईडीसीची ट्यूब आणि बिनाईडीसीची ट्यूब यांत फरक दिसू लागला, पण थोडा. मग फेब्रुवारीतला झीटा आठवला. उणे ६. पार्टिकलच्या अंगावर पीव्हीएचा थर बसला होता आणि कार्बॉक्सिल त्याच्याखाली गाडले गेले होते. पीव्हीए कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही, त्याची साखळी पीएलजीएत अडकून बसते. पीव्हीए सोडून त्या कामाला पोलोक्झामर १८८ हे दुसरं पॉलिमर घेतलं. झीटा उणे २४ वर गेला, साइज १६० च्या जवळपास. पार्टिकल थोडी कमी टिकाऊ झाली, पेलेट जास्त चिकट. तेवढं सोसायचं.

आता ट्वीननं धुतल्यावर बिनाईडीसीची ट्यूब जवळजवळ कोरी, आणि ईडीसीच्या ट्यूबमध्ये अँटीबॉडी टिकून. पहिल्या 'निम्म्याहून जास्त'च्या मानानं आकडा बराच लहान आहे. पण खरा आहे. ज्युनियर वहीत बघून "आयतु" (झालं) म्हणाला. या वेळी कुंदा त्यानं आणला.

जोडलेली अँटीबॉडी अजून ईजीएफआरला धरते का, हे वेगळं बघावं लागतं. लायसिन (ज्यांच्या अमाइनला जोडणी होते ती अमिनो आम्लं) अँटीबॉडीच्या अंगभर असतात, त्यामुळे कुठली कुठं जोडली जाईल याचा नेम नाही. काहींची धरायची टोकंच पार्टिकलकडं वळलेली असणार. ए४३१ वर ४ डिग्रीत पार्टिकल ठेवून, धुऊन, वरून माणसाच्या अँटीबॉडीला धरणारी चमकती दुसरी अँटीबॉडी लावली. सेलच्या कडा चमकल्या. एमसीएफ-७ अंधारात.

१६ मे

सेलमध्ये पार्टिकल शिरतात का, हे बघायला डोसेटॅक्सेलच्या जागी कुमारिन-६ हा हिरवा डाय भरला. सगळे हाच वापरतात, स्वस्त आहे. फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप तासाच्या भाड्यानं.

फोटो सुंदर आले. ए४३१ हिरवेगार. साध्या पार्टिकलनंही तितकेच हिरवेगार. एमसीएफ-७ सुद्धा. ४ डिग्रीला ठेवलेले सेल, ज्यांनी काही आत घ्यायलाच नको, तेही हिरवे.

शहानिशा अशी केली. पार्टिकल सीरम घातलेल्या मीडियात तासभर ठेवली, मग सेंट्रिफ्यूज करून काढून टाकली. वरचा मीडिया, ज्यात आता पार्टिकल नाहीत, तो नव्या सेलवर ओतला. पंधरा मिनिटांत सेल हिरवे. डाय पार्टिकलमधून सुटून आपापला सेलच्या चरबीत शिरत होता, पार्टिकल बाहेरच. या डायचे असे फोटो दाखवून 'टार्गेटिंग सिद्ध' म्हणणारी पोस्टरं मी कॉन्फरन्समध्ये बघितली आहेत, बक्षीस घेतलेली. तुमच्याकडं हा एकच डाय असेल तर निदान हा बिनपार्टिकल मीडियाचा प्रयोग करून बघा.

उपाय महाग पडला: रोडामिन रासायनिक बंधानं जोडलेलं पीएलजीए विकत घेतलं आणि साध्यात दहावा हिस्सा मिसळलं. प्रकल्पातला सर्वात मोठा एकरकमी खर्च हाच. यायला वेळही लागला. एफआयटीसी हा दुसरा डाय स्वस्त होता, पण सेलच्या आतल्या आम्लात तो मंद पडतो.

८ जून

रोडामिनवाल्या पार्टिकलचे निकाल. चार पार्टिकल शेजारी शेजारी ठेवली: एक, साधी; दोन, ईजीएफआरला न धरणारी माणसाची साधी अँटीबॉडी (आयजीजी) जोडलेली; तीन, सेटुक्सिमॅबवाली; आणि चार, सेटुक्सिमॅबवालीच, पण सेलवर आधी मोकळं सेटुक्सिमॅब भरपूर ओतून रिसेप्टर अडवून ठेवलेले.

ए४३१ मध्ये तिसरी उठून दिसते. चौथी खाली येऊन पहिलीच्या पातळीवर. आयजीजीवाली आणि साधी सारख्याच. एमसीएफ-७ मध्ये चारही सारख्या. पहिल्यांदा निश्चित म्हणता येतंय की अँटीबॉडीनं काहीतरी केलं. दुसरी ट्यूब अनेकजण गाळतात, कारण आयजीजी विकत घ्यावी लागते. पण पार्टिकलवर कुठलंही प्रोटीन चढलं की त्याचं वागणं बदलतं. तो बदल आणि टार्गेटिंग वेगळं करायला दुसरा उपाय नाही.

२५ जून

एमटीटी. ७२ तास औषध सेलवर ठेवून किती मेले ते मोजायचं. मोकळं डोसेटॅक्सेल, साधी पार्टिकल, अँटीबॉडीवाली पार्टिकल, तिन्हीच्या रेघा एकमेकींवर. सर म्हणाले, "मग एवढं सगळं कशाला केलं?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर प्लेटच्या खळग्यात आहे. तिथं काही वाहून जात नाही. पार्टिकल सेलला चिकटो न चिकटो, तीन दिवस तिथंच पडून राहणार, औषध हळूहळू मीडियात सुटणार, आणि डोसेटॅक्सेलला सेल मारायला फार कमी पुरतं. शरीरात पार्टिकलला गाठीपाशी एवढा निवांत वेळ कोण देतं?

पद्धत बदलली: पार्टिकल तासभर ठेवायची, दोनदा धुवायचं, ताजा मीडिया घालून ७२ तास वाट बघायची. आता रेघा सुटल्या. ए४३१ मध्ये अँटीबॉडीवाली पार्टिकल साध्यापेक्षा कमी डोसला तेवढेच सेल मारते. एमसीएफ-७ मध्ये फरक नाही. एक गोम राहते: सेटुक्सिमॅब स्वतःही ए४३१ ची वाढ रोखतं. म्हणून औषध न भरलेली, नुसती अँटीबॉडी लावलेली पार्टिकलही प्रत्येक प्लेटवर हवी. त्यांनी थोडे सेल कमी केले. तो वाटा वेगळा दाखवल्यावर उरतो तेवढाच फरक आमचा.

९ जुलै

इनक्युबेटरमध्ये बुरशी. बाहेर झडीचा पाऊस, भिंतींना ओल, पाण्याच्या ट्रेमध्ये काळे ठिपके. सगळे फ्लास्क टाकले, इनक्युबेटर धुतला. सेल मार्चमध्येच फ्रीझ करून ठेवले होते म्हणून पुण्याला जावं लागलं नाही. ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी, दर आठवड्याला बदलून.

ईडीसीची बाटलीही पावसाळ्यात बिघडली. उणे २० मधून काढून लगेच उघडली की दमट हवेतलं पाणी आत जातं आणि पूड चिकट होते. बाटली डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. किंवा आल्याबरोबर लहान ट्यूबमध्ये वाटून ठेवा.

२१ जुलै

निपाणीला घरी गेले होते. गल्लीतल्या काकांनी विचारलं, औषध बाजारात कधी येणार. त्यांचा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला. त्यांना जे सांगितलं तेच इथं.

डॉक्सोरुबिसिन या औषधाचे लिपोसोम (चरबीचे सूक्ष्म फुगे) अमेरिकेत १९९५ पासून आहेत, अल्ब्युमिनमध्ये बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून. दोन्हींवर अँटीबॉडी नाही. अँटीबॉडीला औषध सरळ जोडलेली इंजेक्शनं आहेत, उदाहरणार्थ २०१३ मध्ये मंजूर झालेलं ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन, पण त्यात पार्टिकल नाही. अँटीबॉडी लावलेली पार्टिकल पेशंटपर्यंत गेली आहेत: सेटुक्सिमॅबचे तुकडे लावलेले डॉक्सोरुबिसिनचे लिपोसोम स्वित्झर्लंडमध्ये पहिल्या टप्प्यात तपासले गेले, निकाल २०१२ मध्ये छापून आले. स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या एमएम-३०२ या तशाच अँटीबॉडीवाल्या लिपोसोमची मोठी चाचणी २०१६ मध्ये थांबवली, कारण चालू उपचारापेक्षा फायदा दिसेल अशी चिन्हं नव्हती. त्याच वर्षी आधीच्या दहा वर्षांतल्या पेपरांचा एकत्र हिशोब झाला: टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा वाटा, मध्यक ०.७ टक्के. बाकीचं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळतात.

काका म्हणाले, "म्हणजे नाहीच."

"तुमच्या-माझ्या हयातीत सांगता येत नाही," म्हटलं. त्यांनी चहा मागवला.

४ ऑगस्ट

फ्रीझ ड्राय. कोरडी पूड झाली, पाण्यात घातली तर खडे. ५ टक्के ट्रेहॅलोज ही साखर घालून गोठवल्यावर खडे गेले, साइज थोडाच वाढला. अँटीबॉडी धरण्याची ताकद मात्र जराशी घटलेली दिसते. तूर्त ताजीच वापरतो, आठवड्याच्या आत.

२२ ऑगस्ट

आतापर्यंतचं सगळं १० टक्के सीरममध्ये केलं होतं. रक्तात तसं नसतं, म्हणून माणसाचं सीरम ५० टक्के घेऊन ८ जूनचा प्रयोग पुन्हा केला. सेटुक्सिमॅबवाली आणि साधी यांच्यातलं अंतर बरंच आटलं. पूर्ण गेलं नाही, पण जूनचे फोटो शेजारी ठेवले तर वाईट वाटावं इतकं. सीरममधली प्रोटीन पार्टिकलवर थर देतात आणि अँटीबॉडी त्याखाली झाकली जाते. दुसऱ्यांनीही हे दाखवलंय. आमच्या पार्टिकलवर पीईजी (प्रोटीन सहजी बसू न देणारं पॉलिमर) नाही, त्यामुळे थर जास्तच बसत असणार.

पेपरमध्ये दोन्ही आकडे घालायचे की १० टक्क्यांचेच, यावर लॅबमध्ये वाद झाला. दोन्ही घालायचे ठरलं. रिव्ह्यूअर काय म्हणायचं ते म्हणू देत.

५ सप्टेंबर

पीएलजीए-पीईजी-कार्बॉक्सिल मागवलंय. साध्या पीएलजीएच्या कितीतरी पट किंमत, त्यामुळे थोडंच. अँटीबॉडी पीईजीच्या टोकाला जोडायची, म्हणजे थराच्या वर राहील अशी आशा. आल्यावर आधी बिनाईडीसीची ट्यूब आणि ट्वीनचं धुणं, मग थेट ५० टक्के सीरम. १० टक्क्यांवर वेळ घालवायचा नाही. सेटुक्सिमॅबच्या सध्याच्या ट्यूब जुन्या झाल्यात, हॉस्पिटलला पुन्हा विचारावं लागेल.

गणपतीत लॅबमध्ये कोणी नाही, म्हणून दोन्ही सेल १० टक्के डीएमएसओमध्ये फ्रीझ केले. व्हायलवर पॅसेज नंबर आणि तारीख मार्करनं लिहून वर टेप लावली. नुसता मार्कर नायट्रोजनमध्ये पुसला जातो.